नवरात्रात पहिल्यांदाच घट बसवताय? हे वाचा

ताई, सासूबाई गावी असल्या तरी घाबरू नका. नाशकात घट, परडी, काळी माती, सप्तधान्य सगळं बाजारात मिळतं. पण घट साधा मातीचा, पाणी पाझरणारा बघून घ्या. रंग दिलेला चकचकीत नको.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. घट स्वतःच पाझरतो, त्यानंच माती ओली राहते. वरून तांब्यानं ओतलंत तर धान्य कुजतं, वास सुटतो. माझं पहिल्या वर्षी तसंच झालं, फार रडले होते. धान्य रात्रभर भिजवा, परडीतल्या मातीवर पातळ पसरा, वर बोटभर माती घाला आणि रोज हातानं फक्त शिंपडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसले की जो आनंद होतो ना!

अखंड दिव्याला काचेचं झाकण हवं. काजळी काढताना आधी शेजारी दुसरा दिवा लावून घ्या.

घटावर माळ रोज एक, दारच्या फुलांचीही चालते. घरात कुळाचार वेगळा असेल तर सासूबाईंना फोन करा, त्यांचंच ऐका.

सप्तशतीचा पाठ, होम यंदा राहू द्या. दर्शनाला इथल्या कालिका मातेच्या देवळात किंवा वणीला सप्तशृंगी गडावर जायचं तर दिव्यापाशी घरचं कुणीतरी थांबवा.