सात वाजताचा गजर

अरे,

तुझा मेसेज रात्री 2:40 ला आला होता, मी तो सकाळी वाचला. 'ताई, झोप लागत नाही, पुस्तक उघडवत नाही, मेसचा डबा तसाच पडून राहतो. कुठलं ॲप टाकू?' लगेच फोन लावला आणि पहिल्यांदा विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. तू 'नाही' म्हणालास आणि प्रश्नावर चिडलाही नाहीस, त्याने मला फार धीर आला. हा प्रश्न मी पुढेही विचारत राहणार आहे.

ॲपचं नाव आज सांगत नाही. फोनमध्ये आधीपासून जे आहे, त्यानेच सुरुवात करू.

माझा स्पर्धा परीक्षेच्या मेन्सचा दुसरा निकाल लागला तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत अडीच महिने जवळजवळ पडून काढले. बरं वाटलं की उठेन, अंघोळ करेन, अभ्यासिकेत जाईन, असं रोज म्हणायचे. बरं वाटायचंच नाही, कारण दिवसभरात बरं वाटावं असं काही घडतच नव्हतं. मैत्रिणीचा फोन उचलला नाही की दुसऱ्या दिवशी तो उचलायची लाज वाटायची. हा फेरा तुला आता ओळखीचा असेल.

तो तोडायची एक साधी रीत आहे. बरं वाटण्याची वाट न पाहता आधी छोटं काम करायचं; मन मागून येतं. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने ही रीत तपासली. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याचा जास्त त्रास असलेल्या लोकांना सहा ते आठ भेटींत ती शिकवली. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या गटातल्या 64 टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. पण एक गोष्ट विसरू नकोस. तिथे प्रत्येकासमोर एक माणूस बसलेला होता. फोन आठवण करून देईल, नोंद ठेवेल. फोनच्या जोडीला माणूस मात्र आपल्यालाच द्यावा लागेल. सध्या तो माणूस मी.

तर उद्या सकाळी सातचा गजर लाव आणि गजराच्या नावात काम लिही: 'चप्पल घाल, टपरीपर्यंत जा.' 'व्यायाम' किंवा 'अभ्यास' असं मोठं काही लिहू नकोस, ते वाचूनच अंग गळून जातं. टपरीवर पोचलास की चहाच्या ग्लासाचा फोटो मला पाठव. सोबत काही लिहायची गरज नाही. दुपारी दुसरा गजर, डब्याचा. चार घास खाल्लेस तरी ते काम झालं. संध्याकाळी तिसरा: घरी आईला फोन, पाच मिनिटं. एखादा गजर चुकला तर तो दिवस बुडाला असं समजायचं नाही, पुढचा धरायचा.

प्रत्येक कामानंतर नोट्समध्ये एक आकडा टाक, शून्य ते दहा, मन कसं आहे त्याचा. शेजारी काय केलंस ते दोन शब्दांत. मी हे वहीत करायचे. दहाव्या दिवशी लक्षात आलं, अभ्यासिकेतल्या एका मुलीबरोबर जेवले त्या दिवशी आकडा चारच्या वर जायचा, बाकी दिवस दोनवर. मला वाटत होतं सगळे दिवस सारखेच काळे आहेत. तसं नव्हतं.

रात्री फोन गादीपासून लांब, दाराजवळच्या प्लगला लाव. दोन वाजता दुसऱ्यांच्या निकालाचे पेढे आणि हारांचे स्टेटस बघून कुणालाच झोप येत नाही. ते ग्रुप महिनाभर म्यूट कर.

ॲपचं म्हणशील तर माझं मत असं. श्वासाचे व्यायाम, झोपेची नोंद यासाठी वापरायला हरकत नाही. अमेरिकेत 2024 मध्ये 'रिजॉइन' या नैराश्यावरच्या ॲपला सरकारी मान्यता मिळाली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, चालू औषधांच्या जोडीला. तेव्हा 'आठवड्यात डिप्रेशन घालवा' म्हणणाऱ्या जाहिरातीवर पैसे टाकू नकोस. लोक ज्याच्याशी रोज मनातलं बोलायचे तो 'वोबॉट' हा चॅटबॉट 30 जून 2025 ला बंद झाला. म्हणून तुझी नोंद तुझ्याच नोट्समध्ये राहू दे. आणि ॲप कॉन्टॅक्ट्स किंवा लोकेशन मागत असेल तर देऊ नकोस. 2023 मध्ये अमेरिकेत 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन सेवेवर लोकांची आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी पुरवल्याचा आरोप झाला आणि तडजोडीत 78 लाख डॉलर भरावे लागले.

रविवारी 'पीएचक्यू-9' ही नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली भर, मराठीतही आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, जास्तीत जास्त 27 गुण. त्यावरून निदान होत नाही. पण बेरीज 10 किंवा वर आली तर आपण दोघं डॉक्टरांकडे जायचं, गजर कितीही नीट पाळलेस तरी. औषध लिहून दिलं तर घ्यायचं. मी आठ महिने घेतलं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज करत बसू नकोस, मला फोन कर. मी उचलला नाही तर 14416, 'टेलि-मानस'. ऑक्टोबर 2022 पासून ही मानसिक त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर आत्ताच सेव्ह कर, माझ्या नावाच्या खाली.

शनिवारी मी चारच्या बसने पुण्यात येतेय. साडेसातला तुझ्या खोलीवर पोचेन, मेसला बरोबर जेवू. आकडे दाखवायचे नसतील तर नको दाखवूस. उद्या सात वाजता चहाच्या फोटोची वाट बघते.

तुझी,
ताई