वर्ष एक जातं, बेरीज दोनने वाढते

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंचं पत्र आहे. यजमान 43 वर्षांचे, मकरपुऱ्याच्या कारखान्यात, हातात 68,000. ताई 40 च्या, खासगी शाळेत शिकवतात, पगार 34,000. मूल दत्तक घ्यायचं दोघांचं नक्की झालंय. पण यजमान म्हणतात, आधी घराचं कर्ज फेडू. 14 लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 21,500. सहा लाखांची एफडी मोडून कर्जात टाकायची, दरमहा 18,000 जादा भरायचे आणि दोन वर्षांनी, कर्ज संपलं की, दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची. ताई विचारतात, हे बरोबर आहे का?

ताई, यजमानांचा हिशेब चोख आहे. मी मांडून पाहिला, कर्ज 22 महिन्यांत संपतं. चुकलंय ते फक्त नोंदणीचं वेळापत्रक.

दत्तक नियमांत दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 पेक्षा जास्त चालत नाही, आणि वय धरतात नोंदणीच्या दिवशीचं. आज तुमची बेरीज 83. वर्षभर थांबलात तर 85, अगदी काठावर. दोन वर्षांनी 87. कारण वर्ष एक गेलं तरी बेरीज दोनने वाढते, आणि हे घरोघरी लक्षात यायचं राहून जातं. 87 म्हणजे तान्हं बाळ हातचं गेलं. मग दोन ते चार वर्षांचा गट, तिथे मर्यादा 90. मोठ्या मुलाला तुमची ना नसेल तर फारच छान. बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी 1875 मध्ये कवळाण्याहून दत्तक आणलेला मुलगा, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, बारा वर्षांचा होता, आणि त्याने या बडोद्याचं काय केलं ते तुम्ही रोज पाहता. पण तो निर्णय मनाने घ्यायचा, कर्जाच्या हप्त्यापायी नाही.

शिवाय नोंदणी केली म्हणजे उद्या पाळणा हलला, असं नसतं. लहान बाळासाठी सध्या तीनेक वर्षं सहज जातात. म्हणून माझं म्हणणं, रांगेत आजच उभे राहा आणि कर्ज रांगेत असताना फेडा.

एफडीतले दोनच लाख कर्जात टाका. बाकी राहिली 12 लाख. हप्त्यावर दरमहा 18,000 ऐवजी 12,000 जादा भरा. तीन वर्षांनी पावणेदोन लाखांच्या आसपास उरतील. म्हणजे बाळ घरी येईल तेव्हा हप्ते उरतील आठ-नऊ. तुम्ही घरखर्च 48,000 लिहिलाय. तुम्ही वर्षभर घरी राहिलात आणि बाळाचे 12,000 धरले, तर एकट्या पगारात दरमहा साडेतेरा हजारांचा खड्डा पडतो, तोही हप्ते असेपर्यंतच. सव्वा लाखाचा मामला. त्याच्यासाठीच उरलेले चार लाख एफडीत ठेवायला सांगतोय. यजमानांच्या बेताने गेलात तर कर्ज शून्य होईल, पण हातही रिकामा होईल, आणि रिकाम्या हाताने मूल घरी आणायला मी कुणालाच सांगणार नाही.

प्रत्यक्ष दत्तक प्रक्रियेचा खर्च फार नाही. नोंदणी आणि गृहभेटीचा अहवाल, संस्थेचा बालसंगोपन निधी, नंतर दोन वर्षं सहा-सहा महिन्यांनी होणाऱ्या भेटी, सगळं शुल्क सरकारने ठरवलेलं, मिळून लाखाच्या बरंच आत. त्यावर देणगी म्हणून रुपयाही द्यायचा नाही. तुमच्या नात्यातल्या गृहस्थांच्या ओळखीने एका नर्सिंग होममध्ये ‘नुसता खर्च दिला की’ बाळ मिळतंय, असं लिहिलंय तुम्ही. तिकडे फिरकूही नका. मूल विकणं किंवा विकत घेणं याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. ‘खर्च’ म्हटल्याने विक्रीची देणगी होत नाही.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच आकड्याची. यजमान साठीला पोहोचतील तेव्हा मूल दहावीत असेल. इतरांची मुलं तेव्हा कमावती होतात. तुमच्याकडे कॉलेज आणि निवृत्ती एकाच दाराने आत येणार. म्हणून तुमची म्युच्युअल फंडातली दरमहा 10,000 ची एसआयपी कोणत्याही कारणाने बंद पाडू नका, निदान त्या वर्षाच्या सुट्टीपर्यंत तरी. यजमानांचा जुना पाच लाखांचा विमा इथे पुरणार नाही. वयाच्या 65 वर्षांपर्यंतचा टर्म विमा आत्ताच घ्या, 46 व्या वर्षी तो महाग पडेल. आणि नोकरी सोडायचा विचार मनातून काढा. एक वर्षाची रजा, मग परत शाळेत. दत्तक रजेचं तुमच्या शाळेत काय आहे ते तोंडी नाही, लेखी विचारा. तुमचा 34,000 चा पगार पुढची अठरा वर्षं या घराला लागणार आहे.

आरोग्यविमा कंपनीलाही एक मेल टाकून ठेवा: मूल पॉलिसीत कधी घेणार, ताबा मिळाल्यावर की दत्तक आदेशानंतर? आदेश आता कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात. मूल घरी येणं आणि आदेश हातात पडणं यात काही आठवडे जातात, आणि तान्ह्या बाळाचा दवाखाना नेमका त्याच दिवसांत निघतो. पोर्टलवर मूल दाखवल्यावर त्याचा वैद्यकीय अहवाल आपल्या बालरोगतज्ज्ञांना जरूर वाचायला द्या, पण झटपट, कारण ते मूल राखून ठेवायला 48 तासच असतात.

शेवटी तुम्ही विचारलंय, मुलगी मिळाली तर सुकन्या खातं, म्हणजे मुलींसाठीचं सरकारी बचत खातं, आत्ताच उघडून ठेवू का? नाही उघडता येत, मुलीची कागदपत्रं लागतात. दत्तक आदेश आणि तुमची नावं असलेला जन्मदाखला हातात आला की उघडा. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत कधीही चालतं. तोवर ते पैसे एफडीतच राहू द्या.