बेदगेलर्टला एकच दिवस असेल तर तो कसा घालवावा?

उत्तर वेल्समधल्या बेदगेलर्टला गेलर्ट कुत्र्याची समाधी बघायला एक दिवस काढावा का, असं तुम्ही विचारलंय. दिवस जरूर काढा, पण समाधीसाठी नाही. ती गावातून नदीकाठाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि बघायला पाच मिनिटं पुरतात. दिवस द्यायचा तो आबेरग्लास्लिनच्या घळीला.

समाधीची गोष्ट मात्र तुम्हाला पाठ असणार. लिवेलिन राजा शिकारीहून परततो, पाळणा उलटलेला, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तो कुत्र्याला मारतो आणि मग त्याला जिवंत बाळ आणि मेलेला लांडगा दिसतो. कुत्र्याच्या जागी मुंगूस आणि लांडग्याच्या जागी साप ठेवला की ही आपली पंचतंत्रातली गोष्ट होते. तिथले दगड अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या खानावळवाल्याने, डेव्हिड प्रिचर्डने, पाहुणे यावेत म्हणून उभे केले असं मानतात. गावाचं नाव त्याआधीचं आहे. ‘बेद’ म्हणजे थडगं, आणि नावातला ‘गेलर्ट’ म्हणजे बहुधा केलर्ट नावाचा एक जुना संत.

आता चालायचं कसं ते. कोल्विन आणि ग्लास्लिन या नद्यांचा संगम गावातच होतो. तिथून ग्लास्लिनच्या वाहत्या दिशेने निघा, रेल्वेचे रूळ ओलांडा आणि नदीच्या पूर्व काठाची ‘मच्छीमारांची वाट’ धरा. थोड्याच वेळात घळ इतकी अरुंद होते की वाट थेट पाण्यालगतच्या खडकावरून जाते. एका टप्प्यावर खडकात लोखंडी कड्या ठोकल्या आहेत. एका हाताने कडी पकडून कोपरा वळावा लागतो, म्हणून पाठीवरची पिशवी लहान ठेवा आणि छत्री आत ठेवून रेनकोट घाला. ओला खडक साबणासारखा निसटतो, तेव्हा गुळगुळीत तळाचे बूट नकोत. रात्रभर पाऊस झाला असेल तर पाणी वाटेवर चढतं. अशा वेळी मागे फिरा. पलीकडच्या डांबरी रस्त्यावरून वळसा घालू नका, तो अरुंद आहे आणि पायी चालणाऱ्यांना तिथे जागा नाही.

घळ सकाळीच उरकायची ती याचसाठी. वाट बंद निघाली तर बाकीचा दिवस हातात राहतो. शिवाय पुढचा फेराही इथूनच जुळतो: घळीच्या खालच्या टोकाशी असलेल्या नान्टमोरहून कुम बाखानच्या दरीतून वर, खिंड ओलांडून दिनास तलावाकडे खाली आणि नदीकाठाने परत गावात. सगळं मिळून साधारण नऊ किलोमीटर, वेळ चार तास धरा. दरीत तांब्याच्या खाणीच्या रोपवेचे जुने मनोरे उभे आहेत. तलावाकडची उतरण दगडी पायऱ्यांची आणि तीव्र आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. जूनच्या सुमारास या डोंगरांवर जांभळी ऱ्होडोडेंड्रॉन दिसतात. सुंदर आहेत, पण बाहेरून आलेली ही झुडपं स्थानिक झाडोऱ्याला जगू देत नाहीत, म्हणून ती उपटण्याचं काम तिथे अनेक वर्षं चालू आहे.

जायला गाडीपेक्षा वेल्श हायलँड रेल्वे बरी. कारनार्व्हन ते पोर्थमाडोग असा तिचा सुमारे 40 किलोमीटरचा मार्ग 2011 मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाला आणि बेदगेलर्ट त्यावरच येतं. माथेरानच्या गाडीसारखीच ही छोटी गाडी. रुळांमधलं अंतर तर तिच्याहून अंगठ्याच्या नखाएवढं कमी, 597 मिलिमीटर. हिवाळ्यात ती मोजक्याच दिवशी धावते, म्हणून वेळापत्रक आधी बघा. बसने येणार असाल तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच टिपून ठेवा, दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

त्याच दिवशी स्नोडनही करू, हा बेत मात्र सोडा. शिखर 1085 मीटरच, कळसूबाईपेक्षा बरंच कमी. पण इथून जवळची वॉटकिन वाट जेमतेम 60 मीटरवरून सुरू होते, म्हणजे हजार मीटरची सलग चढाई, आणि शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा. त्याला वेगळा दिवस लागतो. पाट्यांवर स्नोडनचं नाव वेल्शमध्ये ‘अर विद्वा’ असं लिहिलेलं असेल. नकाशा वाचताना ‘पोन्ट’ म्हणजे पूल, ‘नान्ट’ म्हणजे ओढा आणि ‘बुल्ख’ म्हणजे खिंड, एवढे तीन शब्द लक्षात ठेवा.