कोंगा रिंगटोनसारखा का वाजतो?

प्रश्न : ऑर्केस्ट्रात मी बरीच वर्षं तुंबा-बोंगो वाजवले. आता घरी लॅपटॉपवर क्युबन धर्तीचं गाणं बांधतोय. आधी कीबोर्डमधले आवाज वापरले, मग पैसे घालून सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित ठोक्यांचा संच) घेतली. सगळं क्वांटाइझ केलंय, म्हणजे प्रत्येक ठोका संगणकानं अचूक घरात बसवलाय, एकही हलत नाही, तरी मुलगा म्हणतो, "बाबा, रिंगटोन वाटतेय." याहून महाग लायब्ररी घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका घेऊ. मुलाचा कान चांगला आहे, त्याला शेजारी बसवून काम करा.

तुम्ही स्वतः वाजवलंय, त्यामुळे समजावणं सोपं. (आपल्याकडे कोंगांच्या जोडीलाच तुंबा म्हणतात, क्युबात तुंबा म्हणजे त्यातला मोठा, खर्जाचा. सगळ्यात चढा तो किंतो.) तुंबाओ हा तिथला कोंगाचा नेहमीचा ठेका आठ समान घरांत मांडून बघा. तिसऱ्या घरावर कडक थाप, सातव्या-आठव्यावर दोन खुले ठोके. कानाला कळतात ते एवढेच. उरलेल्या पाच घरांत डावा पंजा चामड्यावर डुलत असतो, कधी तळव्याची टाच, कधी बोटं. ते ठोके जेमतेम ऐकू येतात, पण काढून टाकले की ठेका लंगडतो. तुम्ही ते लिहिलेच नसणार, पैज लावतो.

कीबोर्डवर ते सापडलेही नसते. जनरल मिडी या कीबोर्डांच्या ठरावीक आवाजांच्या संचात कोंगाला जागा तीनच : ६२ क्रमांकाच्या सुरावर दाबलेला, ६३ वर खुला, ६४ वर खालचा. चांगल्या लायब्ररीत टाच-बोटांसाठी वेगळ्या पट्ट्या असतात, त्या शोधा. त्या ठोक्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताचा जोर, १२७ पैकी २५ ते ४० ठेवा. थाप ११० च्या आसपास, खुले ठोके त्याहून जरा खाली. राउंड रॉबिनचं (एकाच ठोक्याची वेगवेगळी सॅम्पल आळीपाळीनं वाजवण्याचं) बटण असेल तर चालू करा, म्हणजे एकच सॅम्पल घणासारखा पुन्हापुन्हा आदळणार नाही.

पण त्याआधी क्लावे, म्हणजे सगळी वाद्यं ज्याला धरून चालतात तो पाच ठोक्यांचा पायाभूत साचा. सोळा घरांत १, ४, ७, ११, १३ हा सोन क्लावे, तीन-दोनचा : पहिल्या अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. दोन-तीन हवा असेल तर दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करा : ३, ५, ९, १२, १५. रुंबा क्लावेत ७ चा ठोका ८ वर सरकतो. एका जिंगलमध्ये मी तीन-दोनचा तयार लूप लावला आणि वर पियानो दोन-तीनचा वाजवला. दिवसभर इक्यू (आवाजातला खर्ज-तीव्रपणा कमी-जास्त करायचं साधन) फिरवत बसलो, कारण आवाज खटकतोय असं वाटत होतं. संध्याकाळी एक तालवादक मित्र आला. हेडफोन कानाला लावून त्यानं टेबलावर दोन पेनांनी क्लावे धरला आणि म्हणाला, "अरे, पियानो उलट्या पायावर उभाय." मी पियानो एक बार, म्हणजे आठ घरं, पुढे सरकवला. इक्यूला हातच लावावा लागला नाही.

गाणं मेरेंगे या डॉमिनिकन नृत्यसंगीताच्या अंगानं जाणार असेल, तर मात्र हा हिशेब सोडा. तिथे तांबोरा हा दोन तोंडांचा ढोल आणि ग्विरा हे पत्र्याचं घासून वाजवायचं वाद्य लागतं. क्युबाचा ग्विरो भोपळ्याचा. लायब्ररीत नावं शेजारी-शेजारी असतात, चुकीचं उचललं जातं.

आणि एवढी वर्षं हातानं वाजवलंत, तर आता माउसनं ठोके कशाला पेरताय? क्लावे घरात घट्ट बसवा, कोंगा पॅडवर बोटांनी वाजवून घ्या. क्वांटाइझ लावावंच वाटलं तर अर्ध्यावर थांबा. मग मुलाला पुन्हा ऐकवा.