बोटीचं बिमिनी छप्पर एकट्या माणसाला पटकन दुमडता यावं म्हणून काय बदल करावेत?

बिमिनी म्हणजे पाइपच्या कमानींवर ताणलेलं कापडी छप्पर. तुम्ही लिहिलंय की ते पाडायला दोन माणसं, एक पाना आणि वीस मिनिटं लागतात, आणि विचारलंय की गॅसचे शॉकॲब्सॉर्बर बसवले तर सोपं होईल का. शॉकॲब्सॉर्बर राहू द्या बाजूला. पाना हा शब्द वाचला आणि देवबागची एक दुपार आठवली म्हणून लिहायला बसलो.

आमची 22 फुटी फायबर बोट, तारकर्ली-देवबागला पर्यटक फिरवतो. छप्पर करून घेताना मी म्हणत होतो दुमडणारं करू, काकांचं एकच, "वेल्डिंग मारून टाक रे, हलूक नको." शेवटी तडजोड अशी झाली की सांधे ठेवले पण प्रत्येक सांध्यात स्टेनलेसचा नटबोल्ट करकचून आवळला. दोन सीझन त्याला कुणी हात लावला नाही. मग एकदा मे महिन्यात संगमावरनं रिकामी बोट घेऊन येत होतो, मी आणि हाताखालचा पोरगा, आणि डोंगराकडनं काळं होऊन असा काही वारा सुटला की विचारू नका. कार्ली नदीच्या मुखाशी लाटा फुटत होत्या आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता. अडीच मीटर बाय दोन मीटर छप्पर, म्हणजे डोक्यावर 5 चौरस मीटरचं शीडच की, आणि वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. इंजिन फुल, तरी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वळेना. पोरगा पाना घेऊन भिडला, नट जागचा हलेना. गंज वगैरे काही नव्हता, स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांत चिकटून बसतात, ग्रीस लावायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी दोरी कापायच्या सुरीनं नवंकोरं कापड उभं फाडलं, तेव्हा कुठं बोट वळली.

त्या पावसाळ्यात बोट वर ओढल्यावर मी कुणाला न विचारता सगळे बोल्ट काढले. जिथं जिथं सांधा सुटायला हवा तिथं टोकाला स्प्रिंगची गोळी असलेली पिन घातली, बोटानं दाबली की बाहेर. प्रत्येक पिनेला दोरी बांधाच, माझी पहिली पिन आठवड्यात पाण्यात गेली. छप्पर पुढं ताणून धरणारे पट्टे गाठ मारून बांधलेले होते, तिथं बकल आणि आकडा लावला. दुसरी कमान काठावर वेगळी बसवली असेल तर ती मुख्य कमानीच्या पायावर सरकत्या क्लॅम्पनं घ्या, म्हणजे सगळं एकाच बिजागरीवर फिरतं आणि एकत्र मिटतं. क्लॅम्प 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. नायलॉनचे उन्हात तडकतात.

बिजागरीची जागा मात्र आधी मोजा, ह्यात सगळे फसतात. कमानीचा पाय 5 फुटांचा आणि बिजागरीपासून मागचा काठ 4 फुटांवर असेल तर आडवं केलेलं छप्पर एक फूट बाहेर लोंबणार आणि इंजिन वर उचललंत की त्याच्यावर आपटणार. मग बिजागरी पुढं सरकवा नाहीतर मागं दोन टेकू देऊन छप्पर तिरकंच ठेवा. गुंडाळलेल्या कापडाला खोळ शिवाल तर चेन जाड प्लॅस्टिकची, धातूची मिठानं धरते. ओलं गुंडाळलंत तर बुरशी.

आता मी एकटा दीड-दोन मिनिटांत पाडतो. नाळ वाऱ्यावर धरायची, पट्टे सोडायचे, वाराच मागं ढकलतो, डोकं तेवढं सांभाळा.

एक राहिलं. काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, बोट हलली की माणसं छपराचाच पाइप पकडतात आणि पिनवरचं छप्पर त्यासाठी नसतं. म्हणून काठाला वेगळा धरायचा दांडा लावला. तुमच्या बोटीत प्रवासी बसत असतील तर पाइप कापण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेअरशी बोला, आणि छपरावर दिवा किंवा सोलर पॅनेल असेल तर वरचं सगळं तुमच्या कामाचं नाही.

काकांच्या मते चूक अजूनही कापडाची होती. जाड घेतलं असतं तर फाटलं नसतं म्हणतात.