गाडी रात्री कुठे उभी राहते?

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला सोसायटीत राहतो. नोकरीसाठी रोज साधारण 40 किलोमीटर गाडी चालते आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला आईवडिलांकडे जाणे-येणे होते. एकाच आकाराच्या दोन गाड्यांची कोटेशने आणली आहेत. 45 युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा सर्व कर धरून 3 लाख 20 हजारांनी महाग पडते. हा फरक वसूल होईल का, आणि वाटेत अडकून पडण्याची भीती कितपत खरी आहे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण कोटेशने जपून ठेवलीत, हे चांगले केलेत, मात्र या निर्णयात त्यांच्याइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे आपले लाइट बिल. शोरूममध्ये किमतीवर, रंगावर आणि पडद्याच्या आकारावर तासभर चर्चा होते, पण गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथे आपल्या हक्काचा प्लग आहे का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते आपला निम्मा निर्णय त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.

आधी हिशेब पाहू. या आकाराची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी पुण्याच्या गर्दीत लिटरला 14 किलोमीटर देते असे धरले आणि पेट्रोल 104 रुपये धरले, तर किलोमीटरला सुमारे 7 रुपये 40 पैसे पडतात. इलेक्ट्रिक गाडीला 100 किलोमीटरसाठी साधारण 14 युनिट लागतात. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जात असल्यामुळे मीटरवर मात्र 16 युनिटांची नोंद होते. आपल्या महिन्याच्या 1000 किलोमीटरसाठी 160 युनिट झाले.

आता हे 160 युनिट कोणत्या मीटरवर पडतात ते महत्त्वाचे. समजा, आपल्या घराचा वापर महिन्याला 220 युनिट आहे. गाडी त्याच मीटरवर जोडली तर बिल 380 युनिटांवर जाते. गाडीचे पहिले 80 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात बसतात आणि उरलेले 80 युनिट 300 च्या वरच्या, बऱ्याच महाग टप्प्यात जातात. वहन आकार आणि वीज शुल्क मिळवून या दोन टप्प्यांचा दर मी अनुक्रमे 13 आणि 17 रुपये धरतो. आपल्या बिलावरचे आकडे त्या जागी घालून पाहावेत. सरासरी 15 रुपये युनिट, म्हणजे किलोमीटरला 2 रुपये 40 पैसे. याउलट चार्जिंगसाठी महावितरणचे स्वतंत्र मीटर घेतले तर त्यासाठी वेगळी वर्गवारी आहे आणि तिथे घरगुती टप्प्यांची चढण नाही. 9 रुपये युनिट धरले तर किलोमीटर दीड रुपयाच्या आत येतो. सार्वजनिक जलद चार्जरवर कर धरून 24 रुपये युनिट मोजावे लागले तर तोच किलोमीटर 3 रुपये 80 पैशांना पडतो.

कोल्हापूरच्या फेऱ्या धरून आपली गाडी वर्षाला साधारण साडेसतरा हजार किलोमीटर चालेल. महामार्गावर पेट्रोल गाडी जास्त मायलेज देते, त्यामुळे तिथली बचत शहराइतकी होत नाही, हेही मी हिशेबात धरले आहे. स्वतंत्र मीटर मिळाले तर वर्षाला सुमारे 85 हजार वाचतील आणि फरक पावणेचार वर्षांत भरून निघेल; घरच्याच मीटरवर चार्जिंग केले तर सव्वाचार वर्षे लागतील; आणि सोसायटीने नकार दिल्यामुळे सगळी भिस्त बाहेरच्या चार्जरवर राहिली तर जवळजवळ सहा वर्षे. यात इंजिन ऑइल, फिल्टर आणि स्पार्क प्लग यांचा वाचणारा खर्च धरलेला नाही. तसाच उलट बाजूचा खर्चही धरलेला नाही : गाडी वजनदार असल्याने टायर लवकर झिजतात, आणि थर्ड पार्टी विम्यात 15 टक्के सवलत असली तरी गाडीची किंमत जास्त असल्याने एकूण हप्ता बहुधा चढाच राहतो. विकताना काय किंमत येईल याची खात्री मी देऊ शकत नाही, म्हणून सात-आठ वर्षे गाडी ठेवणार असाल तरच हा हिशेब धरावा. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर अशी देतात. त्यातल्या अटी सही करण्यापूर्वी वाचाव्यात.

सोसायटीबाबत आग्रहाने सांगतो. गाडीचा मालक आपल्या सध्याच्या वीजजोडणीवरून घरी चार्जिंग करू शकतो, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा समितीकडे अर्ज करताना परवानगीची याचना करू नये. मीटर कुठून, तार कोणत्या मार्गाने, खर्च कोणाचा आणि सुरक्षेसाठी काय बसवणार, हे एका कागदावर मांडावे. गाडी बुक करण्यापूर्वीच हा अर्ज द्यावा. रोजच्या 40 किलोमीटरसाठी 3.3 किलोवॅटच्या साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर दोन तास पुरतात, त्यामुळे मोठा चार्जर लागतोच असे नाही. मात्र तार जाड हवी, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) हवा, आणि एक्स्टेंशन बोर्डाचा वापर कधीही करू नये.

आता कोल्हापूरचा प्रवास. कंपनी सांगते तो पल्ला प्रमाणित चाचणीतला असतो. प्रत्यक्षात त्याचे दोन तृतीयांश धरावे. 45 युनिटांची बॅटरी महामार्गावर 280 ते 320 किलोमीटर नेते, आणि पुणे ते कोल्हापूर हे अंतर आहे साधारण 230. म्हणजे एका बाजूचा प्रवास न थांबता होतो. अशाच बॅटरीची स्नेह्याची गाडी मी स्वतः या रस्त्याने नेली आहे. पुण्याहून पूर्ण चार्ज करून निघालो, तेव्हा खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आकडा 78 टक्क्यांवर होता. माथ्यावर पोहोचेपर्यंत तो 73 झाला आणि मन थोडे धास्तावले. उतारावर पाय काढून घेतला की मोटर उलटी वीज भरते, त्यामुळे खाली येईपर्यंत तो 74 झाला. चढणीत गेलेले सगळे परत मिळत नाही, पण काही मिळते. घाटापेक्षा वेगाचा फटका मोठा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 80 च्या तुलनेत 110 ला तो जवळजवळ दुप्पट होतो. नव्वदच्या आत गाडी ठेवली तर कोल्हापूरला पोहोचताना पाव बॅटरी हाताशी राहते.

अडचण परतीची आहे. दिवाळीच्या दिवसांत कराडजवळच्या एका चार्जिंग केंद्रावर दोनपैकी एक गन बंद होती आणि माझ्यापुढे एक गाडी होती. माझा नंबर येईपर्यंत 50 मिनिटे गेली. म्हणून आपला खरा चार्जर आईवडिलांच्या घरी असायला हवा. तिथे 15 अँपिअरचा प्लग असेल आणि रात्रभर गाडी जोडून ठेवली, तर दहा तासांत 30 युनिटांच्या आसपास भरतात आणि परतीचा प्रश्न मिटतो. जाण्याआधी वायरमनला बोलावून दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे अर्थिंग; ते नसेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. दुसरी म्हणजे बिलावरचा मंजूर भार, म्हणजे त्या जोडणीवर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरता येते तो आकडा. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅटच असतो, तो वाढवून घ्यावा लागेल.

टोलबाबत एक गैरसमज दूर करतो. राज्य सरकारने 2025 मध्ये इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी दिली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी येथे ती नाही.

वरच्या दोन्ही प्लगांची सोय होत असेल तर इलेक्ट्रिक गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींपैकी एकही होत नसेल तर यंदा थांबावे.

प्रश्न : मी निवृत्त आहे. माझी आठ वर्षांची पेट्रोल गाडी महिन्याला जेमतेम 300 किलोमीटर चालते. ती विकून इलेक्ट्रिक घ्यावी असा मुलांचा आग्रह आहे. – एक वाचक, लातूर

उत्तर : मुलांची काळजी मी समजू शकतो, पण खर्चाच्या दृष्टीने हे योग्य नाही. वर्षाला 3600 किलोमीटरवर आपली बचत फार तर 20-22 हजारांची होईल, आणि त्यासाठी दहा-बारा लाख गुंतवावे लागतील. गाडी नीट चालत असेल तर ती ठेवावी. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि आपली गाडी त्याच्या आधीची आहे; म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील आवर्जून तपासून घ्यावेत. पुढे गाडी बदलायची वेळ येईल तेव्हा आजच्यापेक्षा चांगला पर्याय समोर असेल.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते. अशा पाण्यातून इलेक्ट्रिक गाडी नेल्यास शॉक बसेल का? – एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला आयपी 67 दर्जा असतो, म्हणजे बॅटरीची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये, अशी तिची चाचणी झालेली असते. विजेच्या गळतीची शंका आली तर गाडीची यंत्रणा बॅटरीचा प्रवाह आपोआप तोडते. तरीही ही चाचणी स्थिर पाण्यातली आहे, वाहत्या पाण्यातली नाही. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर गाडी कोणतीही असो, आत घालू नये. गाडी पाण्यात उभी राहिलीच, तर ती चार्जरला न लावता टो करून सर्व्हिस सेंटरला न्यावी, आणि नारिंगी रंगाच्या तारांना स्वतः हात लावू नये.