मथळा वाचला, सौदा टाकला… आणि मग?

प्रश्न: नफा ३० टक्के वाढल्याची बातमी येताच शेअर घेतला. अर्ध्या तासात तो ४ टक्के खाली. चांगल्या बातमीवर शेअर पडतो कसा?

बाजाराने ३५ टक्के धरले असतील तर ३० ही वाईट बातमीच. तिमाही निकालाआधीच्या दोन-तीन आठवड्यांचा चार्ट पाहा. शेअर तेवढ्यात १५ टक्के चढून बसला असेल तर बातमी भावात आधीच जमा आहे, आणि ज्यांनी खाली घेतले ते तुमच्यासारख्यांना विकून मोकळे होतात. शिवाय हे ३० टक्के आले कुठून, ते मथळ्यात नसते. जमीन विकून एकदाच आलेला पैसाही नफ्यातच दिसतो. म्हणून विक्री किती वाढली, मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) टिकले का आणि पुढच्या तिमाहीबद्दल व्यवस्थापन काय म्हणते, एवढे तरी वाचूनच ऑर्डर टाका. आमच्या मते यातले शेवटचे सर्वात जड.

प्रश्न: २०० ला घेऊन १९४ चा स्टॉप-लॉस (भाव तिथे उतरला की विकण्याची आधीच दिलेली ऑर्डर) लावला होता. रात्री बातमी आली आणि सकाळी सौदा १८९ ला कटला. ब्रोकरची चूक?

नाही. साधा स्टॉप-लॉस ट्रिगर झाला की मार्केट ऑर्डर बनतो आणि समोर जो खरेदीदार असेल त्याच्या भावाने विकतो. शेअर १८९ लाच उघडला तर मधले भाव झालेच नाहीत, मग १९४ मिळणार कसा? १९३ ची लिमिट (याखाली विकू नका अशी अट) लावली असती तर विक्रीच झाली नसती आणि घसरता शेअर हातात राहिला असता. ते अनेकदा जास्त महाग पडते.

यावर उपाय ऑर्डरमध्ये नाही, संख्येत आहे. समजा भांडवल १,००,००० आणि एका सौद्यात अर्धा टक्का, म्हणजे ५०० गमवायची तयारी. स्टॉप खरेदीच्या भावापासून ६ रुपयांवर, म्हणून ५०० भागिले ६, म्हणजे ८३ शेअर, असा हिशोब सगळे करतात. बातमी येणार असेल तर गॅपचे (भाव स्टॉपच्याही खाली उघडण्याचे) आणखी ५ धरा: ५०० भागिले ११, म्हणजे ४५. एवढी कमी संख्या घ्यायला मन धजत नसेल तर निकालाच्या आदल्या दिवशी बाजार बंद होण्याआधी सौदा मोकळा करा.

प्रश्न: बातमी आल्यावर लगेच घ्यावे की थांबावे?

थांबा. मथळा वाचणारी यंत्रे सेकंदाच्या आत ऑर्डर टाकतात. त्या शर्यतीत तुम्ही नाहीच. पहिल्या काही मिनिटांत खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर रुंदावते, तेव्हा मार्केट ऑर्डर टाकणे म्हणजे आपणहून जास्त पैसे देणे. पहिली ५ मिनिटांची कँडल (चार्टवर तेवढ्या वेळातला उच्चांक-नीचांक दाखवणारी पट्टी) पूर्ण होऊ द्या. तिच्या उच्चांकावर मोठ्या व्हॉल्यूमने (खरेदी-विक्री झालेल्या शेअरच्या संख्येने) भाव टिकला तरच लिमिट ऑर्डरने घ्या, स्टॉप नीचांकाखाली. कँडल इतकी उंच असेल की स्टॉप ३ टक्क्यांहून लांब पडतो, तर सौदा सोडा. भाव वर गेला आणि व्हॉल्यूम मात्र आटला, तरीही सोडा.

प्रश्न: बातमी खोटी असली तर?

खोटीच असावी लागते असे नाही, शिळी असली तरी पुरते. सप्टेंबर २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्स या अमेरिकी विमान कंपनीच्या २००२ सालच्या दिवाळखोरीची जुनी बातमी नव्याने फिरली. शेअर १२ डॉलरच्या आसपासून ३ डॉलरपर्यंत कोसळला आणि खुलासा होताच बराचसा सावरला. तळाला विकणाऱ्यांचे नुकसान मात्र झाले ते झालेच. तारीख पाहा, एक्स्चेंजकडे कंपनीने दिलेले निवेदन उघडा. सिम्बॉलही (शेअरचे बाजारातले संक्षिप्त नाव) नीट वाचा, सारख्या नावाच्या भलत्याच कंपनीचे शेअर लोक खरोखर घेतात.

प्रश्न: निकालाआधी कॉल (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) घेतला, शेअर वर गेला, तरी प्रीमियम (त्या हक्काची किंमत) घटला!

निकालापूर्वी प्रीमियममध्ये अनिश्चिततेची किंमत भरलेली असते. निकाल लागला की ती उतरते. शेअर २०० वर असताना २०० चा कॉल ७ ला घेतलात आणि शेअर २०४ झाला, तर कॉलमध्ये खरे मूल्य ४ चेच. वरचे ३ बहुतांशी उडाले. निकालाआधी २०० चा कॉल आणि पुट (त्याच भावाने विकण्याचा हक्क) यांच्या किमतींची बेरीज करा. ती १४ असेल तर बाजार साधारण ७ टक्के हालचाल धरून बसला आहे. तुमचा अंदाज त्याहून मोठ्या हालचालीचा नसेल तर कॉल घेऊ नका.